हार तसबिरीला, कुलूप कपाटाला

पाऊस ओसरला, सहामाही परीक्षा तोंडावर आल्या की सार्वजनिक ग्रंथालयांना जाग येते. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. मग दिवाळी अंकांचे प्रदर्शन. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. त्याला लागूनच २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. प्रत्येक कार्यक्रमाला तसबीर, हार, दीपप्रज्वलन, पाहुणे आणि समोर सतरंजीवर बसवलेली जवळच्या शाळेची मुले. फोटो निघतात, अहवालाला जोडले जातात. मुले रांगेने शाळेत परत जातात. जाताना त्यांतल्या किती मुलांच्या हातात पुस्तक असते?

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वस्त्यांमध्ये काम करतो. मागची तीन वर्षे आम्ही या कार्यक्रमांना मुद्दाम हजर राहिलो आणि दाराशी उभे राहून पाहिले. मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. पुस्तक नसते. ग्रंथप्रदर्शनाच्या टेबलाभोवती दोरी बांधलेली असते आणि ‘कृपया पुस्तकांना हात लावू नये’ अशी पाटी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हात लावू नये असे सांगितले गेले, त्यांच्या पोरांना आज ही पाटी वाचायला येते, एवढा बदल मात्र झाला आहे.

कोणी म्हणेल, प्रदर्शनात पुस्तके खराब होतात म्हणून पाटी असते, त्यात जात कशाला आणता? ठीक. मग आत चला, सभासदत्वाचा अर्ज पाहू. आमच्या गावच्या ग्रंथालयात अनामत रक्कम आहे, महिन्याची वर्गणी आहे, आणि शेवटी एक ओळ आहे: ‘शिफारस करणाऱ्या सभासदाची सही’. अनामत आणि वर्गणी आम्ही एक वेळ गोळा करू. सही कोणाची आणायची? ज्या वस्तीतला एकही माणूस सभासद नाही, त्या वस्तीतल्या मुलीने शिफारस मागायला कोणाच्या दारात जायचे? आम्ही आठवीत असताना हाच अर्ज घेऊन तीन घरी गेलो होतो. एका घरी पाणीही मिळाले, सही मिळाली नाही. ‘तुझ्या बापाला ओळखतो रे, पण पुस्तक हरवलं तर माझ्याकडे मागतील’ असे उत्तर होते. पुढे समाजशास्त्राच्या एम.ए.ला सामाजिक बंदिस्तीची संकल्पना शिकवली गेली, तेव्हा वर्गातले इतर लोक उदाहरण शोधत होते. आम्हाला शोधावे लागले नाही.

या ओळीत जातीचे नाव कुठेही नाही. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. जुने सभासद नव्या सभासदांची शिफारस करतात, सभासद कार्यकारिणी निवडतात, कार्यकारिणी पुस्तके निवडते आणि नियम करते. हे वर्तुळ बाहेरच्या माणसाला मुद्दाम ढकलत नाही, फक्त आत यायला जागा ठेवत नाही.

आणि मग ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘तुमच्या मुलांना वाचनाची आवड नाही.’ हे वाक्य उच्चारणाऱ्यांनी एकदा अशोक विजयादशमीला नागपूरला यावे. दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल किती लांबवर लागतात आणि त्यांच्यासमोर कोण उभे असते ते पाहावे. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कात यावे. डोक्यावर गाठोडे असलेली बाई दहा-वीस रुपयांची पुस्तिका नातवासाठी विकत घेते, दोन वेळा उलटून पाहते, पदराखाली ठेवते. ती स्वतः वाचू शकत नसेल. एवढी पुस्तके विकत घेणारा समाज ग्रंथालयाच्या देवघेव वहीत दिसत नसेल, तर चौकशी त्या वहीची व्हायला हवी.

वहीवरून आठवले. ७ नोव्हेंबर हा मुळात वहीचाच दिवस आहे. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भीमरावांचे नाव चढले. वर्गात तरटावर बसावे लागले, पाणी वरून ओतून घ्यावे लागले, पण नाव रजिस्टरात होते आणि त्या नावाच्या जोरावर पुढचे सगळे घडले. २०१७ पासून शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. चांगली गोष्ट आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या दिवशी ग्रंथालयाने भाषण ठेवण्याऐवजी वही उघडावी आणि वस्तीतल्या मुलांची नावे लिहून घ्यावीत. याहून योग्य अभिवादन आम्हाला सुचत नाही. भाषण करणाऱ्या पाहुण्यांची थोडी गैरसोय होईल.

आता शिक्षकांकडे येऊ. शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत ते किती आहे हे शिक्षकांना विचारा. पण शिक्षकाची खरी ओढाताण नोव्हेंबरात दिसते. संविधान दिनाला दोन दिवस राहिले की आम्हाला फोन येतात: ‘सर, काही मटेरियल पाठवा ना.’ ज्यांना कोणाला फोन करता येत नाही ते मोबाईलवर फिरणारे भाषण उतरवून मुलांकडून पाठ करून घेतात. त्यात बाबासाहेबांच्या तोंडी न बोललेली वाक्ये असतात, चुकीच्या तारखा असतात. आम्ही शिक्षकांना दोष देत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत प्रत्यक्ष काय सांगितले, राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या विसंगतीबद्दल कोणता इशारा दिला, ते छापील रूपात त्या शिक्षकाच्या हाती कोणी द्यायचे? हे सार्वजनिक ग्रंथालयाचेच काम आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. त्यातला अठरावा खंड तीन भागांत आहे आणि त्यात त्यांची मराठी भाषणे आहेत, म्हणजे खेड्यातल्या शिक्षकाला भाषांतराचीही वाट पाहायला नको. आमच्या तालुक्यातल्या एका ग्रंथालयात हे खंड आहेत. काचेच्या कपाटात, कुलपात, ‘संदर्भ’ अशी चिठ्ठी लावून. घरी नेता येत नाहीत. बसून वाचायचे तर ग्रंथालय उघडते तेव्हा शाळा भरलेली असते आणि शिक्षक गावात पोहोचतो तेव्हा ग्रंथालय बंद झालेले असते. कपाटाच्या डोक्यावर बाबासाहेबांची तसबीर आहे, हार दर महिन्याला बदलतात. राज्यातल्या उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाला शासन जो पुरस्कार देते तोही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याच नावाचा. त्या पुरस्काराच्या निकषांत ‘खंड किती जणांनी घरी नेले’ हा एक प्रश्न घाला, असे आम्ही एकदा गमतीने म्हणालो होतो. आता गमतीने म्हणत नाही.

शिक्षकासाठी फार मोठे काही लागत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. मराठी विश्वकोश तसाच मोफत. ग्रंथालयात एक संगणक आणि छपाईचे यंत्र असेल आणि ग्रंथपालाने दसऱ्याआधी विचारले की ‘गुरुजी, या सत्रात काय शिकवताय?’, तर त्या विषयाची पंधरा पाने निघू शकतात. २८ नोव्हेंबरला जोतीराव फुल्यांचा स्मृतिदिन येतो, सातवी-आठवीच्या मुलांना वाचून दाखवता येईल असा मजकूर त्यांच्या समग्र वाङ्मयातून निवडून ठेवता येतो. पन्नास पुस्तकांची एक पेटी सत्रभर शाळेत ठेवता येते.

पेटी म्हटले की लोक हसतात. हसू नका, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे केले. त्यात फिरती ग्रंथालये होती, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. मोटार नाही, मोबाईल नाही, आणि तरी पेट्या जात होत्या. याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थात, याच बडोद्यात १९१७ साली नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, हेही आम्ही विसरत नाही. पुस्तक दारात पोहोचवणारे राज्य आणि माणसाला दारात उभे न करणारा समाज एकाच शहरात सुखाने नांदू शकतात. म्हणून आम्ही पेटीबरोबर सभासदत्वही मागतो.

बाबासाहेबांनी स्वतः ही दोन्ही कामे एकत्र केली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा ग्रंथालये आणि अभ्यासमंडळे उघडणे हे तिच्या उद्दिष्टांतच लिहिलेले होते. पुढच्या वर्षी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले, शिवाय महार तरुणांचा हॉकी क्लब. हॉकी क्लबचा भाग आम्हाला विशेष आवडतो. चळवळीला फक्त गंभीर माणसे लागतात असे ज्यांना वाटते त्यांनी तो लक्षात ठेवावा.

पैशाचा मुद्दा येणारच. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे, पण त्यात ग्रंथालय कर नाही. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात तो ठेवला. आपल्याकडे बहुतेक ग्रंथालये संस्था चालवतात आणि शासन अ, ब, क, ड असा वर्ग लावून अनुदान देते. हे अनुदान वर्षानुवर्षे गोठलेले होते, २०२२ च्या नोव्हेंबरात त्यात ६० टक्के वाढ झाली. तरी ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाच्या हाती महिन्याला जे पडते ते सांगायला लाज वाटते. त्याच्याकडून आम्ही जादा वेळ फुकट मागत नाही. त्याच्याशी आमचे भांडणही नाही, तो बिचारा वेठबिगार आहे. भांडण नियम करणाऱ्यांशी आहे. सहीची ओळ अर्जातून खोडायला एक रुपया लागत नाही. मुलांची अनामत माफ करायला लागतो, पण किती? पाहुण्यांच्या शाली आणि नारळांपेक्षा कमीच. शेजारच्या कर्नाटकाने २०२० साली ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीमच काढली. त्यांचे सरकार काही आकाशातून पडलेले नाही.

आमच्या भागात या ऋतूला आणखी एक धार आहे. दसरा झाला की ऊसतोड टोळ्यांची उचल वाटून झालेली असते, दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात. ज्या आठवड्यांत गावात वाचन प्रेरणा दिन आणि ग्रंथालय सप्ताह साजरा होतो, त्याच आठवड्यांत वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात. काही मुले आईबापाबरोबर कारखान्यावर जातात. काही आजीकडे राहून हंगामी वसतिगृहात जेवतात. संध्याकाळी जेवण झाल्यावर त्या वसतिगृहात करायला काही नसते, हे आम्ही पाहिले आहे. दहावी-बारावीचे पोर मोबाईल दाखवते, बाकीचे भोवती जमतात, झोपतात. पुस्तकांची पेटी कुठे जायला हवी, हे यापेक्षा स्पष्ट काय असू शकते? कारखान्याच्या तळावर जाणारी पेटी परत येणार नाही अशी भीती असेल तर निदान वसतिगृहापासून सुरुवात करा. ते ग्रंथालयापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

‘पण आमच्याकडे अभ्यासिका आहे, तुमचीच मुले तिथे बसतात,’ असे कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी आम्हाला सांगितले. खरे आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमच्या वस्तीतली पंधरा-वीस मुले-मुली तिथे बसतात, आणि त्यांना त्या खुर्चीची गरज आहे. पण ती स्वतःची पुस्तके घेऊन येतात, भाड्याने खुर्ची घेतात आणि दिवे बंद होईपर्यंत वाचतात. ग्रंथालयाचे एकही पुस्तक त्यांच्या हातात येत नाही. आणि अभ्यासिकेसाठी जी खोली दिली ती पूर्वी बालविभागाची होती. दहा वर्षांच्या मुलीची जागा काढून तिच्या मोठ्या भावाला द्यायची आणि दोघांचे भले केले म्हणायचे, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

यंदा आम्ही कार्यक्रमाला श्रोते म्हणून जाणार नाही. विहारात दर रविवारी वाचायला बसणाऱ्या मुलांची नावे घालून आम्ही ग्रंथालयाकडे अर्ज दिला आहे. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेची आणि दोन शिक्षकांची सही आहे. तिघेही सभासद नाहीत, ते आम्ही मुद्दाम लिहिले आहे. अठरावा खंड शिक्षकांना घरी देण्याची मागणी त्याच अर्जात आहे, आणि ७ नोव्हेंबरला सभासद नोंदणी ठेवा अशीही. ग्रंथपालांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, म्हणाले, ‘मला हरकत नाही, पण बैठक दिवाळीनंतर आहे.’ तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतील. म्हणून वसतिगृहाच्या पेटीची मागणी आम्ही तिथेच बाकावर बसून वेगळ्या कागदावर लिहिली, दसऱ्याच्या आतली तारीख टाकली आणि पोच घेतली.