हनिमूनचं नव्हे, बच्चेकंपनीचं मॉरिशस!

मार्च संपत आला की ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनच विषय उरतात. अप्रेझल आणि मे महिन्याची सुट्टी. पहिल्या विषयावर कुणी खरं बोलत नाही आणि दुसऱ्या विषयात प्रत्येकजण एक्स्पर्ट असतो. त्यात तुमच्या घरात साडेतीन वर्षांचं पिल्लू असेल आणि तुम्ही चुकून ‘फॉरेन ट्रिप’ म्हणालात, तर संपलंच! ‘एवढ्या लहान मुलांना काय आठवणार आहे?’, ‘त्यापेक्षा तेवढ्या पैशांची एफडी करा’, ‘मोठी होऊ देत, मग जा’... सल्ला देणाऱ्यांत सासूबाई असतात, शेजारच्या काकू असतात आणि टीममधले बिनलग्नाचे वीरही असतात.

हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन गेल्या मे महिन्यात आम्ही मॉरिशसला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, साडेतीन वर्षांची लेक, ताई, जिजू, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि आई. सात माणसं, सात दिवस, अकरा बॅगा. ‘मॉरिशस? तिथे तर हनिमूनला जातात ना?’ हा प्रश्न आम्हाला एअरपोर्टवरसुद्धा एका काकांनी विचारला. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हा लेख.

मॉरिशसच का?

लहान मुलांबरोबर फिरताना ठिकाण किती सुंदर आहे, यापेक्षा ते किती आटोपशीर आहे हे जास्त महत्त्वाचं. मॉरिशस हा देश आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाएवढा. लोकवस्ती साधारण साडेबारा लाख, म्हणजे पुण्याच्या निम्मीही नाही. मुंबईहून थेट विमान पकडलंत तर सहा तासांच्या आसपास प्रवास. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. त्यामुळे जेटलॅग वगैरे भानगड नाही, मात्र सकाळी सातला उठणारं तुमचं मूल तिथे साडेपाचला टक्क जागं होणार. बाहेर काळोख आणि गादीवर उड्या! याचा फायदा संध्याकाळी कळतो. रात्री साडेआठला मुलं आडवी होतात आणि आईबाबांना बाल्कनीत चक्क दोन तास मिळतात.

दुसरा फायदा हवेचा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तिथले ऋतू उलटे. आपण इथे मे महिन्यात घामाने निथळत असतो तेव्हा तिथला हिवाळा दारात उभा असतो. दुपारी सुखद ऊब, रात्री पातळ स्वेटर. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ‘दिवसभर फिरू, संध्याकाळी अजून एक स्पॉट करू’ असे प्लॅन मुळातच बाद होतात. मुलांच्या दृष्टीने उत्तमच.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा फायदा म्हणजे समुद्र. बेटाच्या जवळपास चहूबाजूंनी प्रवाळाचा कठडा आहे. मोठ्या लाटा दूर तिकडेच फुटतात, किनाऱ्याशी येतं ते गुडघाभर, काचेसारखं स्वच्छ, शांत पाणी. जुहूच्या लाटा बघून माझ्या मानेला मिठी मारणारी आमची लेक इथे पहिल्या अर्ध्या तासात पाण्यात फतकल मारून बसली. तिच्या पायाजवळून छोटे मासे जायला लागल्यावर तर तिला उठवणं मुश्कील झालं. थंडीच्या दिवसांत आग्नेयेकडून जोराचे वारे येतात, म्हणून पूर्व किनाऱ्यापेक्षा फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूचा पश्चिम किनारा मुलांसाठी बरा. दक्षिणेला ग्री-ग्री नावाची जागा आहे, तिथे मात्र प्रवाळाचा कठडा तुटलेला आहे. लाटा थेट कड्यावर आदळतात. बघायला जबरदस्त, पाण्यात उतरायला अजिबात नाही.

परातीएवढं पान आणि दीडशे किलोचा मित्र

पाम्पलमूस हे नाव ऐकून भाचा दोन दिवस हसत होता. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पपनसाच्या जातीचं फळ, हे कळल्यावर तर जास्तच. या गावातली वनस्पतिबाग अठराव्या शतकातली. मसाल्यांच्या व्यापारावर डचांची मक्तेदारी होती, तेव्हा पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने जायफळाची आणि लवंगेची रोपं गुपचूप मिळवून इथे लावली. अशी चोरीची गोष्ट सांगितली की मुलं बागेतसुद्धा नीट चालतात! इथल्या तळ्यातल्या कमळांची पानं अक्षरशः परातीएवढी, कडा वर वळलेल्या. आई म्हणाली, ‘यात पाच किलो कणीक सहज मळून होईल.’ एक ताडाची जात अशी आहे, की कित्येक दशकं वाढून आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. भाच्याने त्या झाडाला टाटा केला.

पण मुलांचा खरा हीरो म्हणजे कासव. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं माणसांनी कधीच खाऊन संपवली. आज दिसतात ती सेशेल्समधल्या आल्दाब्रा बेटांवरची. दक्षिणेकडच्या ला व्हॅनिल पार्कमध्ये तुम्ही त्यांच्यामधून चक्क चालत जाऊ शकता. मानेखाली हलकेच खाजवलं की ते दीडशे किलोचं धूड पायांवर उंच होतं आणि मान लांब करून उभं राहतं. आमची लेक त्याच्या मानेवर हात ठेवून एवढी गप्प उभी होती, की नवऱ्याला वाटलं घाबरली. घाबरली नव्हती. ‘बाबा, हा आजीच्या हातासारखा लागतो,’ ती म्हणाली. आजीने ते मनावर घेतलं नाही.

डोडो मात्र फक्त मगवर, टी-शर्टवर आणि देशाच्या राजचिन्हावर भेटतो. हा न उडणारा पक्षी जगात फक्त इथेच होता. १५९८ साली डच आले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. काही माणसांनी मारले, बरेचसे माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी अंडी खाऊन संपवले. ही गोष्ट ऐकून भाच्याने दुकानातला मऊ डोडो हातात घेतला आणि विचारलं, ‘मग त्यांना सॉरी कोण म्हणालं?’ जिजूंनी न बोलता तो डोडो विकत घेतला.

‘आमचं पोरगं काही खात नाही हो!’

हे टेन्शन इथे ठेवूनच जा. मॉरिशसमध्ये रस्त्याच्या कडेला मिळते ‘दाल पुरी’. म्हणजे काय, तर हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी. गूळ न घातलेली पुरणपोळीच समजा! दोन पोळ्या, त्यात वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची चटणी, कागदात गुंडाळून हातात. मुलांसाठी नुसती पोळी मागा, तिखटाचं नाव नको. ‘गातो पिमाँ’ असं फॅशनेबल नाव असलेला पदार्थ म्हणजे आपले डाळवडे, आणि ‘आलुदा’ म्हणजे सब्जा घातलेला थंडगार फालुदाचा भाऊ. पोर्ट लुईच्या मार्केटमध्ये आलुदा पिताना मुलांच्या मिशा गुलाबी झाल्या होत्या. आईने बरोबर आणलेले मेतकूट आणि लाडू आम्ही जवळपास तसेच परत आणले.

आमचा ड्रायव्हर चाळिशीचा, हसतमुख. आमच्याशी तो हिंदी सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत बोलायचा, फोनवर क्रियोलमध्ये. दुसऱ्या दिवशी आई मागच्या सीटवरून नातीला ‘अगं, सांडू नको’ म्हणाली आणि त्याने आरशातून चमकून बघितलं. त्याची आजी असंच बोलायची म्हणे. त्याचे पूर्वज कोकणातून आलेले. गाव कोणतं ते घरात आता कुणालाच माहीत नाही. मराठी शाळेत थोडीफार शिकला, तिथे ती शिकवली जाते, पण बोलायला कुणी उरलं नाही. गणपती मात्र घरी बसतो. गणेश चतुर्थीला तर देशाला सार्वजनिक सुट्टी असते. ‘आरती येते,’ तो म्हणाला आणि गाडी चालवता चालवता सुरू झाला. भाच्याने लगेच सूर लावला. एक सहा वर्षांचा, एक चाळीस वर्षांचा. दोघांनाही सगळे शब्द पाठ, आणि अर्थ बहुतेक दोघांनाही येत नव्हता. राजापूर तालुक्यात वाढलेली माझी आई खिडकीबाहेर बघत टाळ्या वाजवत होती.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुईला गेलात तर आप्रवासी घाट चुकवू नका. मुलं कंटाळतील असं वाटेल, पण तासाभराचंच काम आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांत राबायला माणसं हवी होती, म्हणून इंग्रजांनी करारावर भारतातून मजूर आणायला सुरुवात केली. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं इथे उतरली. बरीचशी बिहारकडची, काही तमिळ, तेलुगू आणि काही आपली, मुंबई बंदरातून गेलेली. बंदरातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा. वर पोचलं की प्रत्येकाला नंबर मिळायचा. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

भाच्याने पायऱ्या मोजल्या, लेक सोळापर्यंत मोजता येत नाही म्हणून दहानंतर पुन्हा एकवर आली. आई बराच वेळ तिथेच थांबली. मग म्हणाली, ‘कडेवर पोरं घेऊन किती जणी चढल्या असतील गं? आपल्याला सहा तासांच्या विमानात एवढी तयारी करावी लागली.’ त्या शिडाच्या जहाजांतून कित्येक आठवडे समुद्रावर काढून आल्या होत्या, आणि परतीचं तिकीट बहुतेकींनी कधीच वापरलं नाही. लेकीने हात वर केले तेव्हा उरलेल्या पायऱ्या मी तिला उचलून घेतलं. काही बोलायला सुचलं नाही.

ताप आला, बोट गेली

चौथ्या दिवशी आमचा हरणांच्या बेटावर, म्हणजे इल ओ सेर्फला जायचा प्लॅन होता. बोट बुक, पैसे भरलेले. पहाटे लेकीला हात लावला तर अंग तापलेलं. रिसेप्शनवरून डॉक्टर बोलावले. व्हायरल निघालं, काळजीचं काही नाही, औषध आणि आराम. ताई, जिजू, भाचा बोटीवर गेले. आम्ही चौघं खोलीत.

नवरा आयटीत आहे, हे वेगळं सांगायला नको, कारण त्याचा लॅपटॉपही आमच्याबरोबर सुट्टीवर आला होता. ‘खोलीतच आहोत तर दोन मेल बघतो,’ म्हणून तो बसला. दुपारी औषधाने ताप उतरला आणि लेक त्याच्या छातीवर झोपली. लॅपटॉप मिटायलाही त्याला हात हलवता येईना. तास, दीड तास तो तसाच पडून होता. मग हळूच मला म्हणाला, ‘ही झोपेत ओठ हलवते, तुला माहीत होतं?’

मला माहीत नव्हतं. सोमवार ते शुक्रवार ती दुपारी पाळणाघरात झोपते आणि शनिवार-रविवारी लाँड्री, मॉल, पाहुणे. तिच्या दुपारच्या झोपेत ती कशी दिसते, हे पाळणाघरातल्या मावशींना रोज दिसत असणार. आम्ही दोघं ते एका परक्या देशात, बोटीचे पैसे बुडवून बघत होतो. संध्याकाळी भाचा पॅरासेलिंगच्या गोष्टी सांगत आला. आम्हाला आपण काही मिस केलं असं वाटलं नाही.

मग, काय आठवलं?

सल्ला देणारी मंडळी खरं तर बरोबरच होती. परत येऊन काही महिने झाले. लेकीला आता विचारलं तर दोनच गोष्टी सांगते. कासवाची मान आणि हॉटेलच्या लिफ्टचं हिरवं बटण. भाच्याला जरा जास्त आठवतं, पण तेही बहुतेक डोडो त्याच्या उशाशी आहे म्हणून. अजून चार वर्षांनी कदाचित तेही नसेल.

पण त्या सात दिवसांत आम्ही तिघं सलग चोवीस तास एकत्र होतो. तिच्या जन्मानंतरच्या सुट्टीनंतर असं पहिल्यांदाच घडलं. ती चिडते कशामुळे, गप्प कधी होते, झोपेत ओठ कशी हलवते, हे आम्हाला कळलं. तिला आठवणार नाही, आम्हाला आठवेल. ईएमआयच्या हिशेबात न बसणारी ही एफडी आहे. आणि तिच्यासाठी परदेशातच जायला हवं असंही नाही, फक्त घड्याळ आणि लॅपटॉप दोन्ही बंद होतील एवढं लांब जायला हवं.

निघण्यापूर्वी...

* भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंगच्या प्रिंट हाताशी ठेवा. नियम निघण्याआधी एकदा तपासा.
* मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तारीख आत्ताच बघा!
* दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतःची सीट घ्यावी लागते. बजेट त्याप्रमाणे करा.
* विमान वर चढताना आणि उतरताना मुलांना काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. कान दुखत नाहीत.
* पाण्यात रबरी बूट हवेतच. प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्री प्राणी पायाला लागतात. टोपी आणि सनस्क्रीन थंडीतही लागतं.
* शामारेलची सात रंगांची माती बघायला जरूर जा, पण रस्ता वळणावळणाचा आहे. पोट भरून निघू नका, पिशव्या बरोबर ठेवा.
* मॉरिशसचं चलनही रुपयाच, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग. खेळणं विकत घेताना हे विसरायला होतं.
* मुलांना ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ शिकवून न्या. दाल पुरीवाला एक जास्त देतो. अनुभवाचे बोल!