रिम कितीची?

महिंद्राच्या जुन्या जीपला टायर घ्यायचे असले की दुकानातलं बोलणं दोन शब्दांत आटपायचं. 'सहाशे-सोळा द्या.' म्हणजे 6.00-16. रिम किती रुंद, हे ना गिऱ्हाईक सांगायचं, ना दुकानदार विचारायचा. ती साडेचार इंचीच असायची. महायुद्धातल्या विलीज जीपपासून ही जोडी ठरलेली, तीच पुढे आपल्याकडे आली. लष्करी नक्षीच्या टायरला तर उलट-सुलटही नव्हतं, कसाही चढवला तरी पकड तेवढीच. पंक्चरवाला दोन टॉम्या घालून टायर सोडवायचा, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा आणि तोवर वडापचे प्रवासी टपरीवर चहा घ्यायचे. घाटातल्या चिखलात तो चिंचोळा टायर वरचा राडा कापून खालच्या मुरमाला जाऊन टेकायचा.

ती जीप सुखाची होती असं मात्र कोणी सांगू नये. आमच्या पाठीचे मणके अजून साक्ष देतील.

आता 2020 नंतरची थार 245/75 आर 16 वर येते, नाहीतर 255/65 आर 18 वर. ट्यूब गेली, पकड वाढली, उत्तमच झालं. पण निवड हाती आली आणि टायर नजरेनं घेतला जाऊ लागला. जिम्नीचंच बघा. कंपनीचा टायर 195/80 आर 15, रिम साडेपाच इंची. मालकाला हवा असतो 235/75, कारण तो रुबाबदार दिसतो. त्याला रिम किमान सहा इंची लागते. अरुंद रिमवर कसाबसा बसवला की टायरचं पोट फुगतं, मधला भाग वर येतो, मधलीच नक्षी आधी झिजते आणि वळणावर गाडी डुलते.

उलटा हौशीपणा त्याहून वाईट. टायर बेताचा आणि रिम ऐसपैस घेतली की टायरची बाजू ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि दगड आधी तिलाच लागतो. वाळूत हवा पंधरा-अठरा पौंडांवर उतरवली, की टायर रिमवरून निसटायची भीती. वर अशी रिम बाहेर आली तर बेअरिंगवर ताण, स्टिअरिंगला हिसके, दारांवर चिखल. 31x10.50 आर 15 ला सात ते नऊ इंची रिम चालते. दगडधोंड्यांत जायचं असेल तर मी सात-साडेसातचीच घेईन, कारण फुगलेली बाजू रिमची कड झाकते.

तेव्हा पैसे मोजण्याआधी चाक उतरवा, रिमवर 'जे' अक्षराला चिकटून असलेला आकडा वाचा आणि टायर कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. बसत नसेल तर रिमही बदला, नाहीतर टायर एक माप उतरा. जिम्नीच्या साडेपाच इंची रिमवर 215/75 आर 15 नियमात बसतो.