आधी इंजिन, मग रूप

घरी गाडी बांधण्याची ओढ तरुणपणी लागते ती तिच्या रूपामुळे: लांब नाक, अंगाबाहेर काढलेली चाकं, दारं नाहीत. वय वाढलं तशी माझी नजर बॉडीवरून खाली सरकत गेली. आता बालाघाटात बसून किट निवडायचं, तर मी पहिल्यांदा एवढंच विचारतो की त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल कोणत्या गाडीचा बसतो. किटमध्ये मुख्यतः सांगाडा आणि बॉडी येते. चालणारी यंत्रणा दुसऱ्या गाडीतून काढायची असते, आणि पुढे बिघडते तीच. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने आपल्या रोडस्टरला वळण दिलं ब्रिटिश लोटस सेव्हनचं, पण आत बसवलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, जे ॲम्बेसेडरमध्येही येत असे. देशभरच्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेलं यंत्र निवडण्यात मोठं शहाणपण होतं. २०१४ मध्ये ॲम्बेसेडर बंद झाली, म्हणून तोच निकष आज मला मारुतीच्या ईको व्हॅनकडे नेतो. तिची ताकद मागच्या चाकांना जाते, ती अजून बनते आहे, आणि तिचा सुटा भाग गोंदियात नाही तर नागपुरात नक्की मिळेल. मारुती ८०० भंगारात स्वस्त मिळते खरी, पण तिची पुढची चाकं ओढतात. अशा सांगाड्याला ती रचना जुळत नाही.

एवढ्या खटपटीपेक्षा जुनी जिप्सी स्वस्त पडेल, असं कुणी म्हणेल. पडेलच, ज्याला फक्त फिरायचं आहे त्याने तीच घ्यावी. पण हा छंद केवळ बचतीवर टिकलेला नाही. १९५७ साली लोटस सेव्हन आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, किटवर नव्हता. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि सवलत नसूनही ती गाडी लोक आजही घरी जोडतात.

कायद्याचा आक्षेप मात्र भारी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मागतो. तो खर्च कारखानदाराला पेलतो, घरच्या कारागिराला नाही. ईकोची एमपी ५० ची नंबरपाटी नव्या सांगाड्यावर लावणंही बेकायदाच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ मध्ये देशाने डोक्यावर घेतली. आनंद महिंद्रांनीही ती वाखाणली, पण नियमांत बसत नाही हे सांगूनच, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. हे मान्य करूनही मी बांधणं सोडा म्हणणार नाही. मध्य प्रदेशातच, पिथमपूरला, २००७ पासून अभियांत्रिकीची मुलं बाहा या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या बांधून आणत आली. त्यातली एकही रस्त्यासाठी नव्हती, तरी ती मेहनत वाया गेली असं कोण म्हणेल?

मग निवडही त्याच हिशेबाने व्हावी. गाडी खासगी जमिनीवरच फिरणार असेल, तर रोडस्टरचं जमिनीला टेकलेलं पोट इथे निरुपयोगी; धान कापल्यावरच्या बांध्यांत ते पहिल्याच धुऱ्यावर अडकेल. बग्गीचा उंच सांगाडा घ्यावा, डोक्यावर नळ्यांचा मजबूत पिंजरा असावा, आणि पैसे मोजण्यापूर्वी त्यावरचे इंजिन बसवायचे कान ईकोच्या मापाचे आहेत की नाहीत, हे टेप लावून पाहावं.