दुसरं मत

सोलापूरच्या मतदाराला एके काळी लोकसभेसाठी दोन मतं होती. 1952 साली आमचा मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराच्या हातात दोन पत्रिका यायच्या. दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायच्या नाहीत, एवढीच अट. शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, हव्या त्या पेटीत पत्रिका टाकायची. देशभर काँग्रेस जिंकत असताना सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या : शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. बाबासाहेबांच्या फेडरेशनचे त्या लोकसभेत दोनच खासदार निवडून आले. एक सोलापूरचा, दुसरा करीमनगरचा.

माझे आजोबा करीमनगरकडून मागावर पोट भरायला आलेले पद्मशाली. जुन्या मिलमध्ये लागले आणि इथलेच झाले. गाव सोडलेलं आणि गाव धरलेलं, दोन्हींनी एकच पक्ष दिल्लीला पाठवला याचं त्यांना म्हातारपणीही अप्रूप होतं. "एक मत पोटाचं, एक मनाचं," असं ते त्या निवडणुकीबद्दल सांगत. कुठलं मत कुठल्या पेटीत टाकलं, हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. 1961 साली कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडले. तेव्हापासून पोट आणि मन यांनी एकाच मतात भागवायचं.

माझं पहिलं मत 1989चं. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं आणि मी नेमकी त्यात बसले. घरात प्रश्नच नव्हता. पूर्व भागातला, म्हणजे शहरातल्या आमच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, माणूस पूर्व भागातल्या माणसाला मत देणार! 1980 आणि 1984ला गंगाधर कुचन, मग 1989 आणि 1991ला धर्मण्णा सादूल, दोघेही काँग्रेसचे, तिथपर्यंत हे सरळ चाललं. वडील मागावरून उठून एवढंच सांगायचे, की शिक्क्याची शाई वाळू दे, मग घडी घाल. नाहीतर डाग दुसऱ्या चिन्हावर उमटतो आणि मत बाद होऊ शकतं. मला त्या वयात राजकारणाचं मिळालेलं शिक्षण ते एवढं.

1996 साली लिंगराज वल्याळ भाजपकडून निवडून आले. तेही आमच्यातलेच. आपला माणूस आता दुसऱ्या पक्षातही भेटू लागल्यावर 'आपला माणूस' या उत्तराने प्रश्न सुटेना. आमच्या घरात निवडणुकीवर पहिलं खरं भांडण त्या वर्षी झालं, तेलुगूत सुरू होऊन मराठीत संपलेलं. (आमच्याकडे प्रेमाच्या गोष्टी तेलुगूत होतात आणि सरकारच्या मराठीत.)

पुढे सोलापूर बाहेरच्यांना कोडंच वाटावं असं वागलं. 1998 आणि 1999ला काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदेंना निवडून दिलं. 2003च्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले, आणि ते मुख्यमंत्री असतानाच त्यांच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणुकीत सोलापूरने भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडले. 2004ला त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदेंना हरवून भाजपचे सुभाष देशमुख. त्याच वर्षी विधानसभेला शहरातून मार्क्सवादी नरसय्या आडम. आणि 2009ला पुन्हा शिंदे. याला कुणी लहर म्हणतं. मला ती लहर वाटत नाही.

कारण माझी आई. ती विड्या वळायची आणि मास्तरांच्या, म्हणजे आडम मास्तरांच्या, लाल बावट्याखाली मोर्च्याला जायची. उमेदवार जोखायची तिची रीत साधी होती : याच्या दारात मोर्चा नेला तर हा दार उघडेल का? पक्ष, जात, भाषण सगळं नंतर. काहींच्या दारात पोलीस उभे असतात, काहींच्या दारात चहा येतो आणि काम होत नाही. आईला चहावाल्यांचा राग जास्त. ही रीत मी पुष्कळ वर्षं वापरली. लोकसभेला मात्र ती अडते. दिल्लीच्या दारात विडी कामगार किती वेळा जाणार?

शिक्षिका असल्याने निवडणुकीची ड्यूटी मला चुकली नाही. टेबलामागे बसून शाई लावताना माणसं पाहायला मिळतात. मत ठरवून आलेली बाई डावी तर्जनी आधीच पुढे करते. न ठरवलेला माणूस शाईकडे बघत राहतो, खोक्यामागे गेला की बीप ऐकू यायला वेळ लागतो, आणि केंद्राध्यक्ष मान वर करतात. 18 एप्रिल 2019ला, सोलापूरच्या त्या उन्हात, बीप उशिरा येणारी माणसं मला नेहमीपेक्षा जास्त वाटली. उमेदवारच तसे होते : भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी, काँग्रेसचे शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर. राजभोजांच्या सोलापुरात बाबासाहेबांचा नातू उभा होता.

निकालाचे आकडे आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवले होते. महास्वामी 5,24,985. शिंदे 3,66,377. आंबेडकर 1,70,007. खालच्या दोघांची बेरीज 5,36,384, वरच्यापेक्षा जवळपास साडेअकरा हजारांनी जास्त. त्या बेरजेवरून पुढची पाच वर्षं लोक एकमेकांना सुनावत राहिले, तुमच्यामुळे पडले म्हणून. मला ती बेरीजच मान्य नाही. एका उमेदवाराचा मतदार म्हणजे दुसऱ्याची उसनी दिलेली रक्कम नव्हे. त्या पावणेदोन लाखांतले किती जण आंबेडकर नसते तर घरीच बसले असते, किती तिसरीकडेच गेले असते, ते फळ्यावर दिसत नाही. "मत वाया घालवू नका" हे वाक्य नेहमी मोठा पक्ष लहान पक्षाच्या मतदाराला सांगतो. उलट सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि तरीही 2024ला मी स्वतः बेरीज करत बसले. कुंभारीजवळच्या रे नगरात आमच्या नात्यातल्या एका विडी कामगार बाईला घर मिळालं. तीस हजार घरांची ती योजना आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं रेटलेली. 2019ला पायाभरणीच्या सभेत त्यांनी पंतप्रधानांचं कौतुक केलं, म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. 19 जानेवारी 2024ला पंधरा हजार घरं पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. मग मे महिन्यात त्याच मास्तरांनी सांगितलं, पंजाला मत द्या. म्हणजे सुशीलकुमारांच्या कन्या प्रणिती शिंदेंना, ज्यांनी विधानसभेला मास्तरांनाच एकापेक्षा जास्त वेळा हरवलेलं. ती बाई मला विचारत होती, "टीचर, अर्ज बावट्याने भरला, चावी कमळाने दिली, आता पंजा म्हणतायत. घर नक्की कुणाचं?" मी म्हटलं, हप्ता कोण भरतंय? "मी." मग तुझं. यावर ती हसली, पण तिचा प्रश्न सुटला नाही आणि माझाही.

या वेळी वंचितच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला होता, त्यामुळे माझ्यापुरता पेच अर्धा झाला. नळाला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. ते महापालिकेचं काम, खासदाराचं नव्हे, हे मी वर्गात शिकवते आणि रांगेत उभी राहिले की विसरते. 7 मेला मी आईची रीत आणि फळ्यावरची बेरीज, दोन्ही लावली. प्रणिती शिंदे भाजपच्या राम सातपुतेंपेक्षा 74,197 मतांनी पुढे राहिल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला 'शहर मध्य' मतदारसंघात मास्तर आणि काँग्रेस एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले. फळ्यासाठी आणखी एक बेरीज.

आजोबांच्या दुसऱ्या मताचा मला फार हेवा वाटायचा. ते असतं तर मन मोकळं झालं असतं, असं वाटे. मग 2017ची महापालिका आली. चार सदस्यांचा प्रभाग, चार मतं! घरातून निघताना ठरवलं होतं, चार जागा, चार वेगळे पक्ष, प्रत्येकात जो बरा तो. पहिली दोन बटणं तशीच दाबली. तिसऱ्याला वाटलं, हा निवडून येत नाही. चौथ्याला वाटलं, तो दुसरा येता कामा नये. खोक्यामागे उभी राहून मी बोटांवर हिशेब करत होते, आणि बाहेरून केंद्राध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा?"