जुने यंत्र, नवे यंत्र आणि एक शब्दसंग्रह

संगणक नवा घ्यावा की कुणी वापरून सोडलेला, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवलेला घ्यावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या पानावर मांडण्याजोगा नाही, असे प्रथमदर्शनी कुणालाही वाटेल. केवळ पैशांच्या हिशेबाने त्याचे उत्तर मिळाले असते तर मीही तो येथे आणला नसता. परंतु औरंगपुऱ्यातल्या दोन दुकानांमध्ये महिनाभर घातलेल्या येरझारा अखेर पाठचिकित्सेच्या प्रश्नापाशी येऊन थांबल्या. म्हणून हे टिपण.

औरंगपुरा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. या भागाला मात्र आजही सगळे औरंगपुराच म्हणतात. नाथ मंदिर, सरस्वती भुवनचा परिसर, क्रमिक आणि अवांतर पुस्तकांची दुकाने, गुलमंडीकडे जाणारी गर्दी. मराठवाड्यातल्या कितीतरी शोधप्रबंधांचा शेवटचा मुक्काम या गल्ल्यांमध्ये पडलेला आहे. १९९० नंतर येथे टंकलेखन यंत्रांची जागा हळूहळू डीटीपी केंद्रांनी घेतली. दहा बाय दहाची खोली, एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि बाहेर 'प्रबंध तातडीने करून मिळतील' अशी पाटी. संशोधक मुलेमुली प्रूफे वाचत पायरीवर बसलेली असत. मराठवाड्यातील मराठी संशोधनाचा इतिहास लिहिणाराने विद्यापीठाइतकेच या पायऱ्यांकडेही पाहावे असे मला वाटते. असो.

अशाच एका केंद्रात माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याने मराठवाडी बोलीचा शब्दसंग्रह १९९८ ते २००३ या काळात टंकित करून घेतला. नोंदी सुमारे चार हजार. त्याआधीची वीस वर्षे त्यांनी सुट्ट्यांत गावोगाव हिंडून कार्डे भरली होती. त्यात 'कामून' आणि 'काहून' यांची सरहद्द कुठल्या तालुक्यात आहे याच्या नोंदी आहेत. येळवसेच्या दिवशी शेतात काय काय नेतात त्याचे शब्द आहेत. तिफण, इर्जिक, सालदार यांचे गावपरत्वे बदलणारे उच्चार आहेत. निजामी राजवटीने मागे ठेवलेले पेशकार, गिरदावर, हाली रुपया हे शब्द १९४८ नंतर किती काळ आणि कोणत्या अर्थाने टिकले याचीही टिपणे आहेत. प्रत्येक नोंदीपुढे गावाचे आणि जिल्ह्याचे संक्षिप्त नाव. १९८१ साली जालना आणि १९८२ साली लातूर हे जिल्हे वेगळे झाले, १९९९ साली हिंगोलीही; त्यामुळे जुन्या कार्डांवरचा जिल्हा आणि आजचा जिल्हा एक नाही, ही गंमत वेगळीच. कार्डे पुढे घर बदलताना भिजली आणि गेली. उरल्या त्या फायली.

या फायली आज कोणत्याही संगणकावर उघडल्या तर रोमन अक्षरे, अपसारणचिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेली युरोपीय अक्षरे यांची खिचडी दिसते. कारण ठाऊक असलेल्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु घरोघरच्या संगणकांना ती कळू लागली ती विंडोज २००० आणि त्यापुढच्या एक्सपीपासून, आणि आपल्या छपाईच्या जगात तर त्याहूनही उशिरा. तोवर श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती अशा प्रणाली होत्या, आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे, बहुधा अर्ध्याच अक्षराचे, चित्र बसवायचे अशी ती योजना. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवायची, कारण ती आधी दिसते. रफार नंतर, कारण तो वर असतो. म्हणजे संगणकाच्या लेखी ती भाषा नव्हतीच, तो चित्रांचा क्रम होता. फाँट गेला की चित्रेही गेली.

आमच्या फायलींची अडचण आणखी एक पायरी खोल आहे. ज्या प्रणालीत त्या केल्या तिला कुलूप होते: संगणकाच्या मागच्या पंचवीस छिद्रांच्या समांतर पोर्टात एक बोटभर लांबीची किल्ली खोचल्याशिवाय ती सुरूच होत नसे. चोरून प्रती काढू नयेत म्हणून त्या काळी ही व्यवस्था सर्रास असे. किल्ली आहे, सीडी आहे, हस्ताक्षरातली सूचनांची चिठ्ठीही आहे. संगणक मात्र गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. उघडून पाहिला तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटलेले. त्या पिढीच्या अनेक यंत्रांना हा रोग झालेला आहे. हार्ड डिस्कवरच्या फायली एका विद्यार्थ्याने केबल लावून सुखरूप काढल्या.

संग्रह छापावा अशी वहिनींची, म्हणजे सहकाऱ्यांच्या पत्नीची, इच्छा. त्यांनी पन्नास हजार रुपये माझ्या हाती ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊजी, संगणक नवाच घ्या. यांच्या नावानं जुनंपानं नको." या वाक्यापुढे युक्तिवाद चालत नाहीत.

पहिल्या दुकानात नव्या यंत्राचा भाव मॉनिटरसह अठ्ठेचाळीस हजार सांगितला. २०२५ च्या अखेरीपासून स्मरणशक्तीच्या, म्हणजे रॅमच्या, चिपांचे भाव जगभर चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना त्या लागतात आणि आपल्या वाट्याला महाग उरतात. तरीही नव्याची बाजू बळकट होती. तीन वर्षांची हमी, विंडोज ११, वीज कमी, आवाज नाही. शिवाय देवनागरीची सगळी चिन्हे त्यावर नीट दिसतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या यंत्रावर ते पाहायला जावे तर बहुधा रिकामा चौकोन दिसतो. ज्या भाषेला आपले एक अक्षर मिळायला २००८ उजाडावे लागले, तिच्या लोकांनी नव्या यंत्राला नाके मुरडू नयेत, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या दुकानात दोन तऱ्हेचा माल होता. एक, मोठ्या कंपन्यांनी चार-पाच वर्षे वापरून काढलेली छोटी चपटी यंत्रे, साफसूफ करून, नवी डिस्क घालून, एकोणीस हजारांना. एकावर जुन्या मालकाच्या मालमत्ता-क्रमांकाची चिकटपट्टी अर्धवट खरवडलेली तशीच होती. या मालातही पिढी पाहावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची ठणठणीत यंत्रे एका तारखेला म्हातारी ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला, हे वाचलेले असले की अशा यंत्रापुढे उभे राहताना थोडे अपराधी वाटते. पण त्या भावनेच्या भरात खरेदी करू नये. सुरक्षा-अद्यतने नसलेल्या यंत्रावर इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही.

दुसऱ्या तऱ्हेचा माल विकायला नव्हताच. जिन्याखाली पाचसहा उभे डबे एकावर एक रचलेले होते. त्यातला एक डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतला, २०१० च्या आसपासचा. मी वाकून पाठीमागून पाहिले. समांतर पोर्ट होता.

"हा केवढ्याला?"

"सर, हा भंगारात काढलाय. वरचा घ्या की. यात काय चालणार तुमचं?"

"मला याच्या मागचं भोक हवंय."

दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करत नाही. स्वच्छ करून, पॉवर सप्लाय बदलून, पंधरा दिवसांच्या तोंडी हमीवर त्याने साडेसहा हजार सांगितले.

येथवर हा तांत्रिक मामला झाला, आणि तांत्रिक मामल्यांना पर्याय असतात. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने ते एकेक पुढे ठेवले. यूएसबीला समांतर पोर्ट जोडणारी केबल मिळते. पण ती बहुधा प्रिंटरपुरतीच चालते, किल्ली तिला ओळखत नाही. नव्या यंत्रात जुने यंत्र आभासी रूपाने चालवता येते. तेथेही किल्लीपाशीच अडते. मग तिने सर्वांत मोहक पर्याय मांडला. संग्रहाच्या पहिल्या दोनशे पानांचा लेझर प्रिंट शिल्लक आहे. तो स्कॅन करून अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीला द्यावा. नवे यंत्र ते काम तासाभरात करील.

आम्ही दहा पाने तशी करून पाहिली. निकाल वाचनीय होता, आणि तोच धोका होता. यंत्राला मराठी येते. पण प्रमाण मराठी येते. बोलीतले रूप दिसले की ते त्याला छपाईचा दोष वाटतो आणि ते मुकाट्याने सुधारते. 'म्हन्लं' चे 'म्हणलं', 'कामून' चे एकदा 'कानून', एकदा 'कमून'. शब्दसंग्रहात चूक हाच मजकूर असतो. ती दुरुस्त झाली की संग्रह नाहीसा होतो, आणि पान मात्र पूर्वीपेक्षा नीटनेटके दिसते. फाँट बदलणाऱ्या तयार प्रणालींचाही अनुभव फारसा निराळा नाही. ऱ्य आणि र्य यांत त्या गोंधळतात. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांतला फरक वर्गात शिकवताना मुले हसतात. चार हजार नोंदींत तो हातून निसटू लागला की हसू येत नाही.

या ठिकाणी मला एकनाथांचे स्मरण झाले, आणि ते केवळ नाथ मंदिर वाटेवर आहे म्हणून नव्हे. पैठण येथून पन्नासेक किलोमीटर. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर सुमारे तीनशे वर्षांनी, नाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला, अशी त्यांची भूमिका. आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. आपण त्यांना मराठीतले पहिले पाठसंपादक म्हणून गौरवतो. परंतु शुद्ध करणाऱ्याने काय काय काढले आणि कशावरून काढले हे आज सांगता येत नाही, ही हुरहुर ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना लागून राहिलेली आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत केले तेव्हा नाकारलेले पाठही तळटीपांत जपले. वाचकाला संपादकाशी भांडता यावे म्हणून. आमचा संग्रह या थोर कामांच्या पंक्तीला बसणारा नाही हे उघड आहे. तरी आधी मूळ पाठ जसाच्या तसा डोळ्यांनी पाहायचा, मग त्याला हात लावायचा, हा क्रम लहान कामालाही चुकत नाही. आणि आमचा मूळ पाठ जसाच्या तसा फक्त एकाच प्रकारच्या यंत्रावर दिसू शकत होता.

वहिनींना हे सांगायला गेलो तेव्हा सोबत किल्ली नेली. तिच्यावर सहकाऱ्यांच्या अक्षरात त्यांच्या नावाची पट्टी होती. "ही नव्या संगणकात बसत नाही," एवढेच म्हणालो. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मग विचारले, "उरलेल्या पैशांचं काय करणार?" मी म्हणालो, गावांना जाऊ. ज्या गावांची नावे नोंदींपुढे आहेत त्यांतल्या शक्य तितक्या गावांना. त्यांनी मान हलवली.

डबा आता माझ्या खोलीत आहे. एक्सपी, इंटरनेट नाही. २०१४ पासून या प्रणालीला सुरक्षा-अद्यतने मिळत नाहीत, तेव्हा तिला बाहेरच्या जगाशी जोडायचेच नाही. किल्ली ओळखली गेली त्या दिवशी पडद्यावर पहिली नोंद उमटली, 'अंदूक'... आणि आम्ही दोघे काही वेळ नुसते वाचत बसलो. रूपांतराचा तक्ता विद्यार्थिनीने स्वतः लिहिला आहे. प्रत्येक नोंद जुन्या पडद्यावर आणि तिच्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून आम्ही ताडतो. दिवसाला साठ-सत्तर नोंदी होतात. पंखा फार आवाज करतो.

एक गोष्ट मात्र छापील दोनशे पानांतही आमच्या नजरेतून सुटली असती, कारण तेथे ती शाईच्या डागासारखी दिसते. 'इकडं', 'केलं' यांतल्या अंत्य अक्षरावर आपण अनुस्वार देतो. तो नाकातला उच्चार नव्हे, लांबलेल्या 'अ' ची ती केवळ लेखनातली सोय आहे. सहकाऱ्यांना काही गावांत तो उच्चार खरोखरच अनुनासिक ऐकू आला होता. दोहोंना एकच टिंब कसे द्यावे? म्हणून त्यांनी डीटीपीवाल्याकडून फाँटातल्या एका रिकाम्या जागी एक बारीक आडवी रेघ बसवून घेतली: रेघ म्हणजे लांबलेला 'अ', टिंब म्हणजे खरा अनुनासिक. अशा रेघेच्या नोंदी आतापर्यंत तीनशे सतरा सापडल्या आहेत. तयार रूपांतरकांना ही रेघ दिसतच नाही, ते ती गाळून टाकतात. युनिकोडमध्ये तिच्यासाठी जागा नाही. २०१० साली काश्मिरीसाठी देवनागरीत काही स्वरचिन्हे वाढवली गेली, त्यांपैकी एखादे उसने घ्यावे असे विद्यार्थिनीचे मत. मला अवग्रह बरा वाटतो, पण तो त्यांनी दुसऱ्याच कामासाठी वापरलेला आहे. पुढच्या आठवड्यात अंबाजोगाईकडच्या तीन गावांना जायचे ठरले आहे. तेथल्या कुणाच्या तोंडी तो नाकातला 'केलं' अजून ऐकू येतो का, हे आधी पाहू.