एकाच घरातले दोन कोपरे



शेजारणीशी वाद झाला तर दार लावून घेता येतं. जावेशी वाद झाला तर मात्र संध्याकाळी त्याच ओट्यावर पुन्हा पोळ्या लाटायच्या असतात. म्हणून घरातलं भांडण बाहेरच्यापेक्षा जास्त लागतं, आणि म्हणूनच ते जपून करावं लागतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हीच गोष्ट राजकारणातही खरी असते, हे मी पाहिलं ते थेट अमेरिकेत, तेही लेकीच्या बाळंतपणाला गेले असताना.

अमेरिकेची निवडणूक म्हटलं की आपल्याला नोव्हेंबर आठवतो, दोन पक्षांचे दोन उमेदवार आठवतात. पण ते दोघं ठरतात कसे? आपल्याकडे उमेदवार वरून ठरतो. तिथे आधी पक्षाच्या आत निवडणूक होते. एकाच पक्षाचे चार-सहा जण एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि राज्याराज्यांतले लोक त्यातला एक निवडतात. बहुतेक राज्यांत नेहमीसारखं गुप्त मतदान असतं, त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मात्र तेव्हा लोक संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये जमायचे आणि सगळ्यांसमोर आपली बाजू घेऊन उभे राहायचे. त्याला कॉकस म्हणतात. माझी लेक राहते त्या आयोवा राज्यात कॉकस होता, आणि तोही साऱ्या देशात पहिला.

साल २००७. मी डिसेंबरमध्ये डी मॉईनला पोहोचले. ते शहर विमा कंपन्यांचं. जावईही विम्याच्याच क्षेत्रात. मोठा नातू पाच वर्षांचा, आणि डिसेंबरातच नात झाली. घराबाहेर पांढराशुभ्र बर्फ, घरात शेक-शेगडीऐवजी हीटर, आणि गॅसवर माझी अळिवाची खीर. सूर्यास्त पाचच्या आत, त्यामुळे माझं जेवण साडेचारलाच आटपायचं. मग मी बाळाला घेऊन बसायची आणि त्या दोघांचा वाद ऐकायची.

लेक हिलरी क्लिंटन यांच्या बाजूची, जावई बराक ओबामांच्या. दोघं उमेदवार एकाच डेमोक्रॅटिक पक्षाचे! पहिले काही दिवस मला वाटलं, एवढं काय भांडायचं? पण ऐकत गेले तशी कळलं की मुद्दे खरे होते.

एक मुद्दा इराकच्या युद्धाचा. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये हिलरींनी युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं. ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या सभागृहात होते, त्यांनी त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत विरोध केला होता. जावई म्हणायचे, "आई, तुम्ही मुंगीसुद्धा चिरडू देत नाही. मग युद्धाला हो म्हणणारी चालेल?" मला उत्तर सुचायचं नाही.

दुसरा मुद्दा आरोग्य विम्याचा. हिलरींचं म्हणणं, विमा प्रत्येकाने घेतलाच पाहिजे असा कायदा हवा. ओबामांचं म्हणणं, मुलांना सक्तीचा करा, पण मोठ्यांसाठी आधी तो स्वस्त करा, परवडला की लोक आपणहून घेतील. लेकीने मला भिशीचं उदाहरण दिलं. "आई, ज्याला पैशाची गरज लागली त्यानेच त्या महिन्यापुरतं भिशीत यायचं म्हटलं, तर भिशी चालेल का?" मी बी.कॉम. झालेली बाई, मला हे लगेच पटलं. निरोगी माणसं बाहेर राहिली आणि आजारीच आत आली, तर हप्ता वाढणारच. म्हणजे युद्धाच्या बाबतीत माझं मन एकीकडे, विम्याच्या बाबतीत दुसरीकडे. बरं झालं, मला मत नव्हतं!

पण एका रात्री मुद्दा संपला आणि माणूस सुरू झाला. बोलता बोलता जावई म्हणाले, "तू बाई आहेस म्हणून बाईला मत देतेस, एवढंच." लेक उठून आत गेली. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं. नातवालाही कळलं काहीतरी बिनसलंय, तो चमच्याचाही आवाज करेना. तिने महिनोन् महिने वाचून केलेला विचार त्या एका वाक्यात कचऱ्यात गेला होता. मी मध्ये पडले नाही. बाळंतिणीला वेळेवर जेवायला घातलं, जावयांनाही वाढलं.

कॉकस होता ३ जानेवारीला, संध्याकाळी सातला. आणि इथे खरा प्रश्न आला. तिथे स्वतः हजर राहावं लागायचं. टपालाने मत नाही, दुसऱ्याच्या हाती निरोप नाही. रात्रपाळीवाले, आजारी, तान्ह्या बाळाच्या आया यांनी काय करायचं, याला नियमात उत्तर नव्हतं. लेकीला आदल्याच वर्षी तिथलं नागरिकत्व मिळालेलं. हे तिचं पहिलंच मत. आणि नात चोवीस दिवसांची.

जावई म्हणाले, "मग मीही जात नाही. तुझं मत जायचं आणि माझं द्यायचं, हे बरोबर नाही." अबोला असूनही हे म्हणाले, त्याचं मला फार वाटलं. पण लेक म्हणाली, दोघांनी घरी बसून कुणाचं भलं होणार? विहीणबाईंचा फोन आला, "सव्वा महिना झाला नाही, थंडीत बाहेर काढू नका." त्यांची काळजी खरीच होती. मी विचार केला, सव्वा महिना पाळतात तो कशासाठी? बाईला विश्रांती मिळावी, वारा लागू नये, बाळ जपलं जावं. गरम गाडीतून गरम हॉलमध्ये दोन तास गेली तर यातलं काय मोडतं? मी विहीणबाईंना म्हटलं, "तिच्या कानाला मी स्वतः स्कार्फ बांधते, आणि बाळ माझ्या मांडीवर आहे." त्या जरा थांबून म्हणाल्या, "मोजेही दोन घालायला सांगा."

दूध काढून ठेवलं, बाळाला पाजलं आणि दोघं एकाच गाडीतून विरुद्ध बाजूंना गेले.

रात्री नऊला परत आले. जावयांनी सांगितलेला कॉकस असा: रांग दाराबाहेर गेलेली, खुर्च्या कमी पडलेल्या, कॉलेजची मुलं, पहिल्यांदाच आलेले लोक जागेवर नाव नोंदवतायत. लेकीने सांगितलेला कॉकस असा: हिलरींच्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांच्या किती बायका! काठी टेकत आलेल्या, अध्यक्षपदाला बाई पोहोचलेली बघायची म्हणून थंडीत बाहेर पडलेल्या. शाळा एक, हॉल एक, वेळ एक. आणि मैत्रिणींनो, दोन्ही वर्णनं खरी. स्याद्वाद आपण पाठशाळेत पाठ करतो, 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे तर 'एका अपेक्षेने'. त्या रात्री स्वयंपाकघरात तो मी प्रत्यक्ष ऐकला.

तिथली मोजणीही सांगण्यासारखी होती. पहिल्यांदा डोकी मोजायचे. बहुतेक ठिकाणी १५ टक्के लोक नसलेला गट बाद व्हायचा. समजा हॉलमध्ये २०० जण आहेत, तर ३० हवेत. १८ जणांच्या गटाने एक तर आणखी बारा जण ओढून आणायचे, नाहीतर दुसऱ्या गटात जायचं. मग सगळे त्यांना बोलवायला धावायचे. शेजारी शेजाऱ्याला पटवायचा, तेही तोंडावर, सगळ्यांदेखत. लेकीकडचे एक निवृत्त मास्तर, जे यंत्राने यांच्याही अंगणातला बर्फ काढून द्यायचे, ते जो बायडन यांच्या गटात होते. गट बाद झाला. त्यांच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला जावई, दोघं जीव तोडून पटवतायत. मास्तरांनी दोघांचं ऐकून घेतलं, दोघांचे आभार मानले, आणि जाऊन जॉन एडवर्ड्स यांच्या कोपऱ्यात उभे राहिले! हे सांगताना दोघंही इतके हसले की बाळ जागं झालं. अबोला तिथे सुटला.

निकाल लागला: ओबामा ३७.६ टक्के, एडवर्ड्स २९.७, हिलरी २९.५. हे टक्के माणसांचे नव्हेत बरं का, पुढे पाठवायच्या प्रतिनिधींच्या हिशोबाचे. किती माणसं कुठे उभी राहिली, हा आकडा पक्षाने तेव्हा जाहीरच केला नाही. कॉमर्सवालीला हे खटकलं. मूळ नोंद न दाखवता नुसती बेरीज दाखवल्यासारखं. पण आले किती, तर सुमारे २,४०,०००. चार वर्षांपूर्वी सव्वा लाखाच्या आसपास होते. वादाने माणसं घरी बसत नाहीत, बाहेर येतात, हेही त्यात दिसलं.

पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरी जिंकल्या, आणि मग ही ओढाताण जूनपर्यंत चालली. मी मेमध्ये परत आले. ७ जूनला हिलरींनी माघार घेतली तेव्हा फोन जावयांनी केला. म्हणाले, "आई, तिने नातीला मांडीवर घेऊन सगळं भाषण ऐकलं. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही." हिलरींना १ कोटी ८० लाखांच्या आसपास मतं पडली होती. त्यांचे कितीतरी समर्थक इतके दुखावले होते की ओबामांना मत देणारच नाही म्हणत होते. लेकीच्या दोन मैत्रिणी त्यातल्याच. इतक्या महिन्यांत एकमेकांना जे बोललं गेलं, ते आता आडवं येत होतं.

ऑगस्टअखेर डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतमोजणी चालू असताना हिलरींनी स्वतःच ती थांबवून ओबामांना एकमताने उमेदवार करावं असा प्रस्ताव मांडला. त्यानंतर आठवड्याभरात आपलं दशलक्षण पर्व सुरू झालं. पहिला दिवस उत्तम क्षमा. जावयांनी लेकीजवळ त्या एका वाक्याची क्षमा मागितली. मताची नाही. ते ओबामांचेच होते आणि राहिले. लेकही हिलरींचीच राहिली. नोव्हेंबरमध्ये दोघांनी मिळून ओबामांना मत दिलं.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. क्षमा मागायची म्हणजे आपलं मत सोडायचं, असं आपल्याला वाटतं आणि म्हणून आपण अडून बसतो. मत राहू द्यावं. ज्या वाक्याने समोरच्याची बुद्धीच नाकारली, तेवढं वाक्य परत घ्यावं. भाषासमिती मुनींसाठी आहे, पण हित, मित आणि प्रिय बोलण्याचा सराव आपण संसारीही करू शकतो.

आणि पुढचं ऐका. जिंकल्यावर ओबामांनी हिलरींना परराष्ट्रमंत्री केलं. आयोवात बाद झालेले बायडन उपराष्ट्राध्यक्ष झाले. आणि मार्च २०१० मध्ये ओबामांनी आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली, त्यात काय होतं? मोठ्यांनाही विमा घेण्याची सक्ती! ज्या मुद्द्यावर हरवलं, तोच पुढे उचलावा लागला. लेकीने फोन केला, "आई, माझी भिशी जिंकली!" मागून जावयांचा आवाज, "मान्य!" वादात हरलेल्याचंही एका अपेक्षेने खरं असतं, याला यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

त्या कॉकसचं पुढे काय झालं म्हणाल, तर २०२० मध्ये निकालाच्या ॲपने घोळ घातला आणि आकडे यायला कित्येक दिवस लागले. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून घेतला, आणि तिथले लोक आपली पसंती टपालाने कळवू लागले. आता तान्ह्या बाळाच्या आईला स्कार्फ बांधून बाहेर पडावं लागत नाही. हे न्यायाचंच झालं. फक्त निवृत्त मास्तरांना दोन्ही बाजूंनी पटवायची गंमत गेली.

आपल्याकडेही मंदिराच्या ट्रस्टची निवडणूक असते, महिला मंडळाच्या अध्यक्षा निवडायच्या असतात, घरात भाऊ-भाऊ दोन पक्षांचे असतात. वाद जरूर करा, मुद्दा सोडू नका. फक्त बोलताना एवढं लक्षात ठेवा, की उद्या सकाळी चहा याच माणसाबरोबर घ्यायचा आहे.

तुमच्या घरी असे दोन कोपरे आहेत का? कसे सांभाळता, मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.