‘छपरी’ म्हणजे कोण?

‘‘आमटी कशी झालीय?’’ आईनं विचारलं. पंधरा वर्षांची लेक घास गिळून म्हणाली, ‘‘मिड.’’ म्हणजे वाईट नाही, पण मुद्दाम सांगावं इतकी चांगलीही नाही. हा अर्थ आईला कळेस्तोवर पानं उचलून झाली होती.

असं हल्ली पुष्कळ घरांत घडतं. बाबा अंगणात घसरून बदकन बसले, तो किस्सा आईनं घरच्या ग्रुपवर टाकला, तर लेकीनं उत्तरादाखल कवटी धाडली. आईच्या पोटात गोळा आला. लेकीला म्हणायचं होतं, हसून हसून मेले.

काही शब्दांचं मूळ शोधलं की सापडतं. ‘रिझ’ म्हणजे समोरच्याला भुरळ पाडण्याची हातोटी. इंग्रजी ‘करिझ्मा’च्या पोटातून काढलेला तुकडा. ऑक्सफर्डनं २०२३चा शब्द म्हणून तोच निवडला. पण २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमनं निवडलेल्या ‘सिक्स-सेव्हन’चं काय करायचं? एका रॅप गाण्यातून उचललेले हे दोन आकडे. त्यांना ठरलेला अर्थच नाही. तळहात वरखाली करत चार पोरं ते एकदम ओरडतात आणि खिदळतात, एवढंच. अर्थ विचारणारे आईबाप तिथं हमखास बाहेर राहतात.

बाहेर ठेवण्याची ही युक्ती आपल्याकडेही जुनीच. कापडाचे व्यापारी गिऱ्हाइकादेखत आपसांत भाव ठरवायचे ते नंदभाषेत. याच घरातली आजी लहानपणी मैत्रिणींशी च-च्या भाषेत बोलायची. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. ‘मला’चं ‘चलाम’. आजही ती ही भाषा इतक्या झरझर बोलते, की नात बघत राहते.

बाबांचा शब्द ‘सही’. २००२ साली ‘सही रे सही’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते कॉलेजात होते. सिनेमा सही, वडापाव सही, पाऊससुद्धा सही. आजोबांना मात्र सही म्हटलं की कागदाच्या तळाशी करायचीच ठाऊक.

इथवर सगळं गमतीचं. पण एका संध्याकाळी लेक मैत्रिणीशी फोनवर बोलताना रंगवलेल्या केसांच्या, मोटारसायकल उडवणाऱ्या कुणा पोराला ‘छपरी’ म्हणाली, आणि आईनं कान टवकारले. या शब्दाचं नातं छप्परबंद समाजाच्या नावाशी जोडलं जातं. छपरं शाकारण्याचं काम करणारी ही माणसं. इंग्रज सरकारनं १८७१पासून चालत आलेल्या कायद्याचा आधार घेऊन ज्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांत छप्परबंदही आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कुणाच्या घरादाराचं नाव मोबाइलवरच्या पोरांच्या तोंडी शिवी होऊन यावं, हे आईला सोसेना. तिनं लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. अर्थ विचारणं वेगळं आणि अर्थ सांगणं वेगळं. त्या दिवशी ती सांगणारी झाली.

लेक गप्प ऐकत होती. मग तिनं महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींची यादी शोधून काढली. छप्परबंद सापडले. पण त्याच यादीत आणखी एका नावावर तिचं बोट थांबलं.

‘‘बाबा, हे बघ. भामटा.’’

बाबांनी चष्मा लावला. भामटा, राजपूत भामटा. जास्त भाडं मागणारा रिक्षावाला भामटा, गळका नळ तसाच टाकून जाणारा प्लंबर भामटा. हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात किती वेळा वापरला असेल! वडिलांकडून आलेला, शाळेच्या पुस्तकांतल्या गोष्टींतून आलेला, कुणी कधी न हटकलेला शब्द. तीही माणसांची जमातच होती, आणि तिच्यावरही तोच कायदा लादला गेला होता. मुलीला एका शब्दासाठी दटावणाऱ्या घरात त्याच जातीचा दुसरा शब्द निर्धास्त नांदत होता. हे सापडलं ते लेकीला, आणि सापडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारातून तणतणत आले. आंबे वरच्या थरात पिवळेधमक, खाली सगळे डागाळलेले. ‘‘तो आंबेवाला म्हणजे एक नंबरचा भा—’’ बाबा थबकले. लेक त्यांच्याकडे बघत होती. पर्यायी शब्द काही केल्या ओठांवर येईना.

‘‘लुच्चा म्हण,’’ आतून आजी म्हणाली.